गेटवरच्या फलकावर चेहरा कोणाचा?
कामगार संघटनांच्या संयुक्त कृती समितीस खुले पत्र

प्रति,
मा. निमंत्रक आणि सर्व सदस्य,
कामगार संघटनांची संयुक्त कृती समिती

सप्रेम नमस्कार.

येत्या १ मेच्या मेळाव्यासाठी समितीने करून घेतलेल्या फलकाचा नमुना मला गेल्या आठवड्यात एका जुन्या सहकाऱ्याने दाखवला. चाळीस फूट रुंदीच्या त्या फलकावर डाव्या बाजूला एक विख्यात क्रिकेटपटू बॅट उंचावून उभा आहे, उजव्या बाजूला पिवळे हेल्मेट घातलेला एक पाठमोरा कामगार आहे आणि दोघांच्या मध्ये ‘घाम दोघांचा, मान दोघांचा’ अशी ओळ आहे. त्या खेळाडूला प्रमुख पाहुणा म्हणून आणण्यासाठी खटपट चालू असल्याचेही कळले. फलक देखणा झाला आहे आणि तो पाहून तरुण मुले मेळाव्याला येतील, हा तुमचा हिशेबही चुकीचा नाही. तरीही फलक छापायला जाण्यापूर्वी समितीने एकदा थांबून विचार करावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहितो आहे. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण इतकेच की हा प्रश्न केवळ समितीच्या बैठकीतला नाही. ज्यांच्या नावाने मेळावा भरणार आहे, त्या सगळ्यांचा तो आहे.

मी भोसरीच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात ३४ वर्षे टर्नर होतो. माझ्याकडे आयटीआयचा कागद होता, पण तसा कागद हातात घेतलेली शे-दीडशे मुले भरतीच्या दिवशी गेटबाहेर उभी होती. मला आत बोलावले ते मी जिल्ह्याच्या कबड्डी संघात उजव्या कोपऱ्यात खेळत होतो म्हणून. तेव्हा खेळाडू आणि कामगार या दोन्ही बाजूंनी मी हा प्रश्न पाहिलेला आहे, जरी माझी कीर्ती कारखान्याच्या कुंपणापासून फार लांब कधी गेली नाही.

प्रथम एक गोष्ट मान्य करतो. मोठा खेळाडू कामगाराला काहीच देत नाही, असे म्हणणारा माणूस सामन्याच्या दिवशी कारखान्याच्या कँटीनमध्ये कधी बसलेला नसावा. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना चालू होता आणि माझी दुसरी पाळी होती. त्या रात्री सुपरवायझर आणि ठेकेदाराकडचा हेल्पर एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसले होते आणि टार्गेटचा हिशेब कोणी मागितला नाही. असा आनंद खोटा नसतो आणि त्याला नाक मुरडणारे कामगार नेतृत्व कामगारांपासून दूर गेलेले असते, हे मी आपल्याच चळवळीत पाहिले आहे.

प्रेरणेचेही तसेच आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले. कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. महेंद्रसिंह धोनी यांनीही क्रिकेटमध्ये नाव होण्याआधी खरगपूरला हीच नोकरी केली होती. धोनींचा शांतपणा आपल्याला आदर्श वाटतो, आणि आपणही त्यांच्यासारखेच तिकीट तपासनीस आहोत, असे कुसाळे यांनी स्वतः सांगितले होते. नोकरी करणाऱ्या एका माणसाला दुसऱ्या खेळाडूत आपला माणूस दिसू शकतो, याचा यापेक्षा सरळ दाखला मला देता येणार नाही.

परंतु त्या पदकानंतर मथळे कसे आले ते आठवून पाहा. ‘तिकीट तपासनीस ते ऑलिंपिकवीर’, अशी त्यांची सर्वसाधारण घडण होती. मला भीती वाटते ती या मथळ्यातल्या ‘ते’ची. त्या एका अक्षरात असे गृहीत धरलेले असते की नोकरी ही मागे टाकण्याची जागा आहे आणि जो तिथून निघाला तो जिंकला. वस्तुस्थिती उलट होती. दरमहा ठरलेल्या तारखेला येणारा पगार, सरावासाठी आणि स्पर्धांसाठी मिळणारी रजा, आणि एखाद्या वर्षी नेम बसला नाही तरी न जाणारी नोकरी, यांच्या आधारावर तो नेमबाज नऊ वर्षे उभा होता. पदक मिळाल्यावरही ते रेल्वेतच राहिले आणि रेल्वेने त्यांना विशेष कार्याधिकारी केले. त्यांच्या कहाणीत कामगारांच्या कामाची गोष्ट कोणती असेल, तर ती कायम नोकरी आणि पगारी रजा ही आहे. तुमच्या फलकावर ती कुठेही नाही. तिथे फक्त घाम आहे.

कुसाळे यांच्या आधी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले होते ते ७२ वर्षांपूर्वी, हेलसिंकी येथे, आणि ते मिळवणारे खाशाबा जाधव तर कर्ज काढून गेलेले होते. राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण टाकून त्यांच्या प्रवासाचे पैसे उभे केले. पदक घेऊन परतल्यावर गोळेश्वरला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मग खाशाबांनी ते गहाण सोडवण्यासाठी कुस्त्यांचे फड लावले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक गळ्यात असलेला माणूस कर्ज फेडण्यासाठी पुन्हा मातीत उतरतो, हे चित्र मला बॅट उंचावलेल्या चित्रापेक्षा कामगारांच्या अधिक जवळचे वाटते. पुढे १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले आणि निवृत्तीपर्यंत त्यांनी नोकरी केली. १९८४ मध्ये रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, मरणोत्तर.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाकडे येतो, कारण फलकाला असलेली माझी हरकत मुळात तिथून आलेली आहे.

कंपनीच्या कबड्डी संघातल्या आम्हाला सरावासाठी दुपारी एक वाजता गेटपास मिळत असे. पहिली पाळी साडेतीनला सुटायची. मधल्या अडीच तासांत माझ्या लेथवरचे जॉब कोणीतरी काढावे लागत, कारण मी चांगल्या पकडी करतो म्हणून विभागाचे टार्गेट कमी होत नव्हते. ते काम माझ्या शेजारच्या लेथवरचा जोडीदार करी. एका यंत्रावर कट चालू करून द्यायचा, तेवढ्यात दुसऱ्यावर जॉब बांधायचा, त्याचा कट लागला की पहिल्याचे माप घ्यायचे, अशी त्याची दोन यंत्रांमधली फेरी मी निघताना पाहत असे. कूलंट सांडून फरशी निसरडी होई, म्हणून त्याने दोन लेथच्या मध्ये लाकडाचा भुसा पसरून ठेवला होता आणि त्या भुशात त्याच्या बुटांची पाच पावलांची पायवाट पडलेली होती. आंतरकंपनी स्पर्धेत मी पकडी केल्या, कंपनीच्या मासिकात माझा फोटो आला आणि मला एक वेतनवाढ जास्त मिळाली. त्या पाच पावलांबद्दल मी त्याला कधी चहासुद्धा पाजला नाही, कारण वयाच्या तेविसाव्या वर्षी आपल्याला मिळते ते सगळे आपल्याच मांड्यांच्या जोरावर मिळते असे वाटत असते.

१९८८ मध्ये वेतनकरार रखडला आणि आमच्याकडे संप झाला. तो ३८ दिवस चालला. चौथ्या दिवशी निरोप आला की संघातल्या बारा जणांनी बाहेरगावच्या स्पर्धेला जायचे आहे, सगळ्यांना ‘ऑन ड्यूटी’ दाखवले जाईल आणि पगार चालू राहील. आम्ही गेलो. कोणी आम्हाला धमकावले नव्हते आणि संप फोडायलाही सांगितले नव्हते. खेळायला सांगितले होते, आणि आम्ही खेळाडू होतो. अंतिम सामना जिंकून परतलो तेव्हा गेटवर व्यवस्थापनाचे अधिकारी हार घेऊन उभे होते, फोटोग्राफर आणलेला होता, आणि रस्त्याच्या पलीकडे मांडवात आमचे लोक बसलेले होते. मी गळ्यात हार आणि हातात करंडक घेऊन उभा असताना माझा जोडीदार मांडवातून उठून रस्ता ओलांडून आला. तो आता चारचौघांत दोन शब्द सुनावणार असे मला वाटले. त्याने विचारले, “गुडघा कसा आहे?” आणि तो परत जाऊन बसला.

पुढच्या महिन्याच्या मासिकात तो फोटो पहिल्या पानावर आला. त्याखालची ओळ अशी होती की, जे मैदान सोडत नाहीत तेच जिंकतात. मी फितूर नव्हतो, असे मी इतकी वर्षे स्वतःला समजावत आलो आहे आणि तांत्रिकदृष्ट्या ते खरेही आहे. पण माझा चेहरा कोणाच्या बाजूने बोलतो आहे, हे ठरवणे त्या दिवशी माझ्या हातात राहिले नव्हते. जोडीदाराची आणि माझी जात, गाव, भाषा, पगारपत्रकातली श्रेणी, सगळे सारखे होते. घामही तोच होता. तरीही त्या फोटोत मी कामगारांचे प्रतीक नव्हतो. कामगारांना दाखवण्याचे उदाहरण होतो.

हे माझ्यासारख्या चिल्लर खेळाडूचे झाले म्हणून समिती म्हणेल की मोठ्या माणसांचे तसे होत नाही. तर मग पळवणकर बाळूंचे उदाहरण घ्या. पुण्यातल्या पारशी क्रिकेटपटूंच्या मैदानावर खेळपट्टी झाडण्या-लोटण्यासाठी महिना तीन रुपये पगारावर लागलेला, चर्मकार समाजातला हा मुलगा. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेला आणि तिथे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्या काळचा सर्वश्रेष्ठ डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. हिंदू संघात घेतल्यावरही चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. त्यांच्या खेळाने अस्पृश्य ठरवलेल्या समाजातल्या किती माणसांच्या पाठीचा कणा ताठ झाला असेल, याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही. खेळाडू कष्टकऱ्यांचे प्रतीक होऊ शकतो का, या प्रश्नाला बाळू हे माझ्या माहितीतले सर्वांत भक्कम ‘होय’ आहेत.

आणि त्याच बाळूंना १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे केले. ज्या समाजाचा त्यांना अभिमान आणि ज्या समाजाला त्यांचा अभिमान, त्याच समाजाचा स्वतंत्र आवाज म्हणून आंबेडकर उभे असताना समोर कोणाला ठेवावे, तर त्याच समाजाचा लाडका गोलंदाज. बाळू हरले. त्यांची मते त्यांची स्वतःची होती आणि त्यांना कोणाच्या हातचे बाहुले म्हणणे अन्यायाचे होईल; वेगळ्या भांड्यातला चहा पिऊनही ते कडवट झाले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा होता. पण आपण संघटना चालवणारे लोक आहोत आणि आपल्याला यातले दुसरे अंग दिसले पाहिजे. खेळाडूबद्दलचे लोकांचे प्रेम ही कोणालाही उचलता येणारी वस्तू आहे. ज्याच्या हातात फलकाची काठी, त्याच्या बाजूने ते प्रेम वापरले जाते.

तुम्ही म्हणाल, या वेळी काठी तुमच्याच हातात आहे. खरोखर आहे का? ज्या खेळाडूचे छायाचित्र तुम्ही निवडले आहे त्याच्या शर्टावर, बॅटवर, टोपीवर कोणाची नावे आहेत ते नमुन्यात नीट पाहा. मी भिंग घेऊन पाहिली आणि हसू आले. नावे वाचता येतील इतकी मोठी आहेत. त्यातल्या एकाचा तरी ठेका, पुरवठा किंवा गोदाम आपल्याच पट्ट्यात चालत असेल आणि तिथे सहा-सात महिन्यांनी ब्रेक देऊन पुन्हा घेतलेली कंत्राटी पोरे राबत असतील. समितीचा फलक त्यांची जाहिरात फुकट करणार आहे.

जाहिरातीचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे अधिक लिहितो, कारण गेल्या आठ-दहा वर्षांत कामगारांच्या घरांचे सर्वांत जास्त नुकसान तारांकित चेहऱ्यांनी कुठे केले असेल, तर ते मोबाइलवरच्या पैशांच्या खेळांत. पाळी सुटायला दहा मिनिटे असताना हात धुण्याच्या नळापाशी मुले मोबाइलवर अकरा जणांचा संघ लावताना मी निवृत्तीपूर्वी रोज पाहत होतो. सुरुवात ४९ रुपयांनी होई. आमच्या विभागातल्या एका ट्रेनी मुलाने दिवाळीचा पूर्ण बोनस त्यात घालवला आणि घरी सांगितले की या वर्षी बोनस झाला नाही. त्याचे वडील संघटनेच्या कार्यालयात विचारायला आले तेव्हा ते उघडकीस आले. त्या मुलाला तिथे नेले कोणी? लहानपणी ज्याचे पोस्टर भिंतीला लावले होते, त्याच चेहऱ्याने. ऑगस्ट २०२३ मध्ये आमदार बच्चू कडू यांनी अशा खेळाच्या जाहिरातीवरून सचिन तेंडुलकर यांच्या वांद्र्याच्या घरासमोर आंदोलन केले, तेव्हा पुष्कळांनी त्याला नौटंकी म्हटले. २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला आणि भारतीय संघाच्या जर्सीवरचे तशाच एका कंपनीचे नाव काही दिवसांतच उतरले. मधल्या काळात आपल्या कोणत्याही संघटनेने गेटवर या विषयाची एक सभा घेतल्याचे मला आठवत नाही. खेळाडूंची भुरळ आपल्यालाही पडलेली होती.

४ जुलै २०२४ ची संध्याकाळ आठवा. टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या संघाची मरीन ड्राइव्हवर मिरवणूक निघाली आणि समुद्रासमोर माणसांचा समुद्र लोटला. दुसऱ्या दिवशी विधानभवनात मुंबईच्या चार खेळाडूंचा सत्कार झाला आणि राज्य सरकारने संघाला ११ कोटी रुपये जाहीर केले. या दोन घटनांच्या मध्ये एक रात्र होती. त्या रात्री गर्दी ओसरल्यावर मरीन ड्राइव्हच्या रस्त्यावर चपला, बूट, पाण्याच्या बाटल्या यांचे ढीग पडले होते आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांना रस्ता स्वच्छ मिळावा म्हणून महापालिकेचे सफाई कामगार ते ढीग उचलत होते. एकेक चप्पल जोडीशिवाय. त्या माणसांनीही बहुधा अंतिम सामना पाहिला असेल आणि आनंदाने ओरडलेही असतील. मी त्यांच्या आनंदाविरुद्ध बोलत नाही. पण १ मेच्या फलकावर त्या रात्रीचे कोणते छायाचित्र असावे, हा प्रश्न मला कोणी विचारला तर उत्तर द्यायला मला वेळ लागणार नाही.

असे असले तरी नामवंत खेळाडू कामगारांचा झालाच नाही, असेही नाही. इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या बंदरात १९९५ मध्ये सुमारे ५०० गोदी कामगारांना काढून टाकण्यात आले. मार्च १९९७ मध्ये त्याच शहराचा लाडका फुटबॉलपटू रॉबी फाउलर याने युरोपीय स्पर्धेच्या सामन्यात गोल केल्यावर जर्सी वर केली आणि आतल्या शर्टावर त्या गोदी कामगारांना पाठिंबा देणारी अक्षरे दिसली. फुटबॉलच्या युरोपीय महासंघाने त्याला २,००० स्विस फ्रँकचा दंड केला. रक्कम त्याच्या कमाईपुढे किरकोळ होती, पण दंड झाला याला महत्त्व आहे. जाहिरातदाराच्या जर्सीखाली दुसरा शर्ट घालून येण्याची ही हिंमत त्या दंडाने अधिकृतपणे नोंदवली गेली. गोदी कामगार ती लढाई पुढे हरले, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल की म्हातारा सिनेमा सांगतो आहे.

आपल्याकडे २०२३ मध्ये कुस्तीपटू विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया दिल्लीच्या जंतरमंतरवर धरणे धरून बसले. कामाच्या ठिकाणी अधिकारपदावरच्या माणसाने स्त्रियांचा लैंगिक छळ केल्याची ती तक्रार होती. यंत्रावर काम करणाऱ्या, घरकाम करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या कोणत्याही बाईला ती तक्रार परकी नव्हती. म्हणूनच शेतकरी आणि कामगार संघटना तिथे पोहोचल्या. २८ मेला पोलिसांनी या खेळाडूंना रस्त्यावरून फरफटत नेले, ते साऱ्या देशाने पाहिले. त्यातली एक बारीक गोष्ट आपल्या लोकांच्या ध्यानात फारशी राहिली नाही. हे तिघेही रेल्वेचे कर्मचारी होते, आणि जूनच्या सुरुवातीला ते कामावर रुजू झाले तेव्हा त्यांनी माघार घेतल्याची आवई उठली. साक्षी मलिक यांना जाहीर खुलासा करावा लागला की आंदोलन चालू आहे आणि नोकरीची जबाबदारीही चालू आहे. संप लांबला की हजेरीच्या वहीचा धाक कसा घातला जातो, हे ज्याने भोगले आहे त्याला तो खुलासा वाचून ओळखीचे काही वाटले असेल. त्या दिवसापुरते ते तिघे माझ्या लेखी आपले प्रतीक होते. आंतरराष्ट्रीय पदकांमुळे लोकांनी त्यांच्याकडे पाहिले, हे खरे, पण आपल्याला त्यांच्यात आपण दिसलो ते मस्टरवर नाव असलेल्या माणसाने वरिष्ठाविरुद्ध तोंड उघडले म्हणून.

समितीने खेळाडू आणि कामगार यांचे नाते दाखवायचे ठरवलेच असेल, तर त्याचा सर्वांत जुना धागा आपल्याच इतिहासात आहे आणि तो तुमच्या फलकावर नसावा याचे मला नवल वाटले. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. तिच्या मागण्यांमध्ये रविवारची सुट्टी होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. त्याआधी गिरणीत रविवार असा नव्हताच. यंत्रे साफ करण्यासाठी थांबली तर थांबली. रविवार मिळाला म्हणून गिरणगावातल्या माणसाला दुपार मिळाली, आणि ज्या दुपारी त्याच्या मुलांनी चाळीच्या चौकात हुतूतूची रेघ आखली किंवा मैदानात फळकुटाची बॅट धरली, ती दुपार मुळात मागणीपत्रात लिहून, सभा घेऊन मिळवलेली होती. आज बारा तासांच्या पाळीची चर्चा कायद्याच्या भाषेत होऊ लागली आहे. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कामाचे तास वाढवण्याचा प्रस्ताव मंजूर केला आणि नोव्हेंबरमध्ये चारही श्रमसंहिता लागू झाल्या. बारा तासांची पाळी आणि येण्याजाण्याचे दोन-तीन तास धरले, तर चाकणच्या कंपनीत राबणारा कोणता पोरगा संध्याकाळी मैदानावर दिसणार आहे? घामाची सांगड घालणारी ओळ लिहिण्यापेक्षा हे फलकावर लिहिता येईल.

माझी मागणी त्या खेळाडूला बोलावू नका अशी नाही. बोलवा. पण त्याच्याकडून आधी दोन गोष्टी कबूल करून घ्या. त्याने भाषण करायचे ते मेहनतीवर नव्हे, तर त्याला खेळाडू म्हणून मिळालेल्या पहिल्या नोकरीवर करावे, असेल तर. तिथे पगार किती होता, सरावाला कोण सोडत होते, त्याच्या जागी काम कोण करत होते, दुखापत झाली तेव्हा रजा पगारी होती की बिनपगारी. आणि व्यासपीठावर जाण्यापूर्वी त्याने गेटवर अर्धा तास कंत्राटी कामगारांमध्ये बसावे, फोटोग्राफर न आणता. तो नाही म्हणाला तर आपल्याला उत्तर मिळाले, आणि हो म्हणाला तर मी स्वतः त्याला हार घालीन.

दुसरे म्हणजे मागणीपत्रात खेळ येऊ द्या. आपल्या पट्ट्यातल्या कंपन्यांनी खेळाडूंची कायम भरती केव्हाच बंद केली. आता स्पर्धेपुरती कंत्राटी मुले संघात घेतात, कंपनीच्या नावाची बनियन घालून खेळवतात, आणि गुडघा गेला की ठेकेदार म्हणतो तो कामावर नव्हता आणि कंपनी म्हणते तो आमचा नव्हता. माझा गुडघा १९९१ मध्ये गेला तेव्हा मी कायम कामगार होतो. पाच महिने पगार चालू राहिला आणि परतल्यावर माझा लेथ माझ्यासाठी ठेवलेला होता. त्याच मैदानावर, त्याच पकडीत आज कोणाचा गुडघा गेला तर त्याला काय मिळते, याची माहिती समितीने गोळा केली तर १ मेला वाचून दाखवायला भाषणांची गरज पडणार नाही. प्रो कबड्डीच्या लिलावात २०१९ साली चंदगड तालुक्यातल्या सिद्धार्थ देसाईवर १ कोटी ४५ लाखांची बोली लागली, याचा मला मनापासून आनंद झाला होता. माझी चिंता त्याच्याशी तालमीत खेळलेल्या आणि बोली न लागलेल्या पोरांची आहे. आमच्या वेळी अशा पोराला बँकेत, रेल्वेत, बंदरात, कारखान्यात कुठेतरी चिकटता येत असे.

फलकाविषयी शेवटचे. माझ्याकडे आमच्या विभागाचा एक जुना फोटो आहे. कंपनीच्या मासिकातला तो करंडकाचा नव्हे. स्पर्धेच्या आधी कोणीतरी शॉपमध्ये सहज काढलेला. त्यात संघाची बनियन घातलेला मी एका बाजूला उभा आहे आणि दोन लेथच्या मध्ये, हातात मायक्रोमीटर घेऊन, मान वर न करता माप पाहणारा माझा जोडीदार आहे. भुसाही दिसतो. तो वापरायचा तर त्याची परवानगी हवी म्हणून परवा मी त्याला जुन्नरकडच्या त्याच्या गावी फोन केला. चाळीस फुटांवर आपला चेहरा लागणार हे ऐकून तो आधी गप्प राहिला आणि मग म्हणाला, माझा कशाला लावता, त्यात माझे डोळे मिटलेले आहेत. मी त्याला सांगितले की मिटलेले नाहीत, तू खाली बघतो आहेस. तो विचार करून कळवतो म्हणाला आहे. त्याचा होकार आला की फोटो समितीच्या कार्यालयात आणून देतो, तोवर छपाई थांबवावी ही विनंती.

आपला,
एक निवृत्त टर्नर, भोसरी